पुढे काय? : खोल ल्युपसचे भवितव्य कसे समजून घ्यावे

घरात दुखणे शिरले की माणसाच्या तोंडी दोन प्रश्न येतात. ‘हे आहे तरी काय?’ हा पहिला आणि ‘आता पुढे काय?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर डॉक्टर देतात. दुसऱ्याचे उत्तर मात्र शेजारी, सोयरे, कामावरचे सोबती आणि अलीकडे खिशातला मोबाइल असे सगळे मिळून देतात. त्यात रोग दुर्मिळ असला, तर ज्याला जितके कमी ठाऊक तितका त्याचा स्वर अधिक ठाम! या दुसऱ्या प्रश्नाचा विचार शांतपणे कसा करावा, हे एका दुर्मिळ त्वचारोगाच्या उदाहरणाने आम्ही येथे मांडणार आहोत.

आम्ही वैद्यकाचे पदवीधर नव्हे. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले. जे काही शिकलो ते रात्रीच्या वाचनालयात आणि कामगारांच्या अडचणी सोडविताना शिकलो. तेव्हा औषध सांगण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु कोणताही आकडा समोर आला की तो कोणी काढला, कोणाला मोजून काढला आणि केव्हा काढला, हे विचारण्याची सवय या चळवळीने आम्हांस लावली. रोगाच्या बाबतीतही ती उपयोगी पडते.

नाव आणि रूप

‘ल्युपस’ हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ लांडगा. मध्ययुगात युरोपातील वैद्य चेहरा कुरतडणाऱ्या व्रणांना हे नाव देत. त्यामुळे पुढे निरनिराळे रोग या एकाच नावाखाली गोळा झाले. त्वचेच्या क्षयाच्या एका प्रकारालाही वैद्यकात ‘ल्युपस’ म्हणतात; परंतु तो जंतूंमुळे होतो, आणि आपण ज्याविषयी बोलत आहोत त्याच्याशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. आपल्या विषयातील ल्युपसला पॅरिसच्या काझनाव्ह या वैद्याने १८५१ साली ‘एरिथेमॅटोसस’, म्हणजे लालसर डागांचा, असे विशेषण जोडले. १८७२ साली व्हिएन्नाच्या कापोसी यांनी दाखवून दिले की हा रोग कातडीपुरताच राहतो असे नाही, शरीराच्या आतील अवयवांवरही तो येऊ शकतो.

या रोगात जंतू नसतो. शरीराचे रक्षण करणारी जी शक्ती, तीच आपल्या माणसांना परके समजून त्यांच्यावर हत्यार उचलते. पहारेकऱ्याने घरच्याच मंडळींवर लाठी चालवावी, तसा हा प्रकार. यावरून दोन गोष्टी निघतात. हा रोग स्पर्शाने, ताटाने किंवा टॉवेलने दुसऱ्यास लागत नाही. आणि जंतू मारून तो कायमचा संपवावा, असेही करता येत नाही.

त्वचेच्या ल्युपसचे अनेक प्रकार आहेत. कोणात चकतीसारखे डाग पडतात, कोणात उन्हाने पुरळ उठते, कोणात थंडीत बोटे सुजतात. यांतलाच एक विरळा प्रकार म्हणजे ‘ल्युपस प्रोफंडस’. प्रोफंडस म्हणजे खोल. याच कापोसींनी १८८३ साली त्याचे वर्णन केले आणि १९४० मध्ये अर्गांग यांनी त्याला हे नाव दिले. त्वचेच्या ल्युपसच्या १०० रोग्यांमध्ये असे साधारण एक ते तीनच आढळतात. त्यात स्त्रिया अधिक, आणि पुष्कळांना तो ऐन कर्तेपणाच्या वयात, तिशी-चाळिशीच्या सुमारास होतो.

इतर प्रकारांत दाह कातडीच्या वरच्या थरांत असतो. येथे तो खाली, चरबीच्या थरात असतो. म्हणून प्रथम दिसते ती गाठ. दंडाची बाहेरची बाजू, खांदा, गाल, छाती, नितंब, मांडी या ठिकाणी हाताला कठीण लागणारी, कधी दुखणारी गाठ येते. वरची कातडी कित्येकदा अगदी नितळ असते, कित्येकदा तिच्यावर चकतीसारखा डागही असतो. काही महिन्यांनी गाठ विरते. पण विरताना त्या जागची चरबी घेऊन जाते आणि मागे खळगा राहतो. रोग ओसरला तरी त्याची खूण जात नाही, हे या प्रकाराचे वैशिष्ट्य आहे. त्याचे भवितव्य समजून घेताना ते लक्षात ठेवावयास हवे.

आधी निदान, मग भाकीत

भवितव्य सांगावयाचे तर रोग नक्की कोणता, हे आधी ठरले पाहिजे. कातडीखाली गाठी येण्याची कारणे अनेक आहेत. क्षयाच्या संबंधाने अशा गाठी येतात, कुष्ठरोगातील एका प्रतिक्रियेतही येतात. आणि चरबीच्या थरात उद्भवणारा एक विरळा कर्करोग प्रारंभी ल्युपसशी इतका मिळताजुळता दिसतो की नुसत्या नजरेने त्यांतला भेद कळणे कठीण. या साऱ्यांची भवितव्ये अगदी वेगवेगळी आहेत.

म्हणून गाठीचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. त्यास बायोप्सी म्हणतात. रोग खोल आहे, तेव्हा तुकडाही चरबीपर्यंत पोचणारा खोल हवा. वरवरचा तुकडा घेतला तर रोग जेथे आहे ती जागाच तपासणीत येत नाही. विहिरीचे पाणी पाहावयाचे आणि पोहरा अर्ध्यावरूनच वर ओढावयाचा, असे ते होईल. काही रोग्यांत एका तपासणीने उलगडा होत नाही आणि काही काळाने पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. ‘डॉक्टरांना काही कळत नाही’ असे म्हणून अशा वेळी घरची माणसे दवाखाना बदलतात. परंतु शंका उरली असताना पुन्हा तपासणे हेच शहाणपणाचे असते. नव्या डॉक्टरांकडे जावयाचेच झाले, तर जुने कागद आणि तपासणीच्या काचा बरोबर न्याव्यात.

एका प्रश्नात चार प्रश्न

निदान पक्के झाल्यावर ‘पुढे काय?’ या प्रश्नाची आपण फोड केली पाहिजे. कारण त्यात निदान चार प्रश्न दडलेले आहेत. जिवाला धोका आहे काय? आतील अवयव बिघडतील काय? रूप बिघडेल काय? आणि काम, संसार चालेल काय? या चारांची उत्तरे एकसारखी नाहीत. ती एकत्र कालविली म्हणजेच भीती वाढते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आहे. ल्युपस जोवर कातडीत आणि तिच्या खालच्या चरबीत आहे तोवर त्याने सहसा जीव जात नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सावधपणे द्यावे लागते. या खोल प्रकाराच्या रोग्यांपैकी काहींना सर्वांगी ल्युपस आधीच असतो किंवा पुढे होतो. त्यात सांधे, रक्त, मूत्रपिंडे, फुप्फुसांची आवरणे यांवर रोग येऊ शकतो. मात्र खोल ल्युपसच्या जोडीने येणारा सर्वांगी ल्युपस बहुधा सौम्य असतो आणि त्यात मूत्रपिंडांचा गंभीर विकार कमी दिसतो, असे अनेक पाहण्यांतून आढळले आहे. ‘बहुधा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे. म्हणूनच ठरावीक काळाने लघवी, रक्त आणि रक्तदाब तपासून घ्यावयाचा असतो.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट सांगितलेले बरे. गाठी पुन्हा पुन्हा येऊ शकतात. मध्ये दोन-दोन वर्षे शांत जातात आणि मग एखादी नवी गाठ डोके वर काढते. पडलेला खळगा औषधाने भरून येत नाही. परंतु नवा खळगा पडण्याआधी दाह आवरता येतो. लवकर निदान आणि नेटाचे औषध यांचे सर्वांत मोठे फळ येथेच मिळते. चौथ्या प्रश्नाकडे आम्ही शेवटी येऊ.

आपल्या जुन्या आयुर्वेदाने रोगांचे वर्ग पाडले होते: सुखसाध्य, कष्टसाध्य, याप्य आणि असाध्य. यांतला ‘याप्य’ शब्द आपण विसरत चाललो आहोत. जो समूळ जात नाही, पण उपचार व पथ्य चालू असेतो आवरलेला राहतो, तो याप्य. कललेल्या घराला नेमक्या जागी टेकू दिला की घर उभे राहते आणि माणसे त्यात नांदतात. टेकू काढला की धोका. खोल ल्युपस या वर्गात बसतो. आपली माणसे रोगाचे दोनच प्रकार जाणतात, बरा होणारा आणि न होणारा. ‘समूळ जात नाही’ एवढे कानी पडले की ती असाध्य समजून रडू लागतात. मधला वर्ग ध्यानात ठेवला, तर निम्मे रडणे वाचेल.

आकड्यांची उलटतपासणी

आता आकड्यांकडे वळू. खोल ल्युपसच्या किती रोग्यांत सर्वांगी ल्युपस आढळतो? वैद्यकीय लिखाणात शेकडा १० पासून शेकडा ५० पर्यंत आकडे सापडतात. सामान्य माणूस चक्रावून जातो. दहात एक आणि दोनांत एक, यांतले खरे कोणते?

एखाद्या कारखान्यात आजाराचे प्रमाण किती, हे समजा दोघांना मोजावयाचे आहे. एकजण दवाखान्याच्या रांगेत उभा राहून मोजतो, दुसरा फाटकावर हजेरीच्या वेळी मोजतो. दोघेही प्रामाणिक असले तरी आकडे जुळणार नाहीत. तसेच येथे घडते. मोठ्या रुग्णालयातील सांधे व मूत्रपिंडांच्या विभागात जे रोगी जातात, त्यांच्या अंगात रोग आधीच पसरलेला असतो. केवळ गाठ घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे येणाऱ्यांत तो कमी असतो. शिवाय रोगच विरळा असल्यामुळे पुष्कळ पाहण्या थोड्याथोडक्या रोग्यांवर झालेल्या आहेत; वीस माणसांत दोन इकडचे तिकडे झाले की शेकड्यात १० चा फरक पडतो. आणि कोणी एक वर्ष पाहिले, कोणी दहा वर्षे, यानेही आकडा बदलतो.

म्हणून आकडा ऐकताच विचारावे: यांत मोजलेली माणसे माझ्यासारखी होती काय? जिची लघवी स्वच्छ आहे, रक्त ठीक आहे, सांधे दुखत नाहीत आणि वर्षानुवर्षे तपासणीत काही निघत नाही, तिला त्या ५० च्या आकड्याने झोप घालविण्याचे कारण नाही. उलट, ताप, सांधेदुखी, तोंडात व्रण, पायांवर सूज, फेसाळ लघवी, श्वास घेताना छातीत दुखणे यांपैकी काही सुरू झाले, तर ‘माझा प्रकार सौम्य’ म्हणून स्वस्थ बसणेही बरोबर नाही. आकडा समूहाचा असतो. आपण त्या समूहात कोठे उभे आहोत, हे आपल्या तपासण्या सांगतात.

आकड्याला तारीखही असते. १९५५ साली अमेरिकेत मेरेल व शुलमन या दोन संशोधकांनी सर्वांगी ल्युपसच्या ९९ रोग्यांचा हिशेब मांडला. आयुर्विम्याचे गणिती ज्या पद्धतीने आयुर्मान काढतात तीच पद्धत त्यांनी वापरली. निदानानंतर चार वर्षांनी जवळजवळ निम्मेच रोगी हयात राहत, असे त्यांना दिसून आले. आज चांगले उपचार मिळणाऱ्या रोग्यांत पाच वर्षांनंतर शेकडा ९० हून अधिक हयात असतात. रोगाचे नाव तेच आहे. निदान लवकर होऊ लागले, औषधे आली, मूत्रपिंडांची काळजी घेता येऊ लागली. १९५५ चा पगार धरून आज कोणी घरखर्चाचा अंदाज बांधीत नाही. मग त्या काळचे मृत्यूचे प्रमाण धरून आज कोणी आपले मृत्युपत्र का लिहावे?

आपल्या हातात काय आहे

भवितव्य म्हणजे कपाळावरची रेघ नव्हे. त्यातला काही भाग आपल्या हातचा असतो.

या रोगावरील पहिले औषध हिवतापाच्या औषधांच्या घराण्यातून आले. १८९४ साली लंडनमध्ये पेन यांनी ल्युपसच्या रोग्यांना क्विनीन दिले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना हिवतापासाठी मेपाक्रीन देत. १९५१ साली पेज यांनी त्याच औषधाचा ल्युपसवर गुण येतो हे प्रसिद्ध केले. त्याच घराण्यातील हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन १९५५ पासून अमेरिकेत वापरात आले, आणि आजही बहुतेक रोग्यांना प्रथम तेच दिले जाते. त्याचा गुण हळू येतो. सहा आठवडे ते तीन महिने, कधी त्याहून अधिक. पंधरा दिवसांत गाठ गेली नाही म्हणून गोळ्या सोडणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. पेरणी करून आठव्या दिवशी कापणीला जाण्यासारखे ते आहे. गरज पडल्यास डॉक्टर याच्या जोडीला इतर औषधे देतात. तो त्यांचा प्रांत.

या गोळीविषयीची भीती डोळ्यांची असते. तिला आधार आहे, पण तिचे मापही ठरलेले आहे. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको. म्हणजे ५० किलोच्या बाईला रोज २५० मिलिग्रॅमपर्यंत. या मापात पहिल्या पाच वर्षांत डोळ्याच्या पडद्याला इजा होण्याचा धोका शेकडा १ हून कमी आणि दहा वर्षांत शेकडा २ हून कमी असतो. वीस वर्षांनंतर मात्र तो बराच वाढतो. म्हणून आरंभी, पहिल्या वर्षाच्या आत, डोळे तपासावेत आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. ज्यांची मूत्रपिंडे अशक्त आहेत त्यांना हे आधीपासून करावे लागते. दिवस गेले म्हणून सासरच्या सल्ल्याने गोळी परस्पर बंद करू नये. ल्युपसच्या स्त्रियांना गरोदरपणातही ती बहुधा चालू ठेवतात. निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

गोळीखेरीज आणखी तीन गोष्टी आहेत. उन्हापासून जपणे ही पहिली: छत्री, लांब बाह्या, डोक्यावर पदर किंवा टोपी, उघड्या भागावर ऊन अडविणारे मलम. खोल प्रकाराचा उन्हाशी संबंध इतर प्रकारांइतका थेट नसला तरी हे पथ्य सांगितले जाते. वेल्डिंगच्या ठिणगीतूनही तेच अतिनील किरण निघतात, हे आमच्या कामगार बांधवांनी विशेष ध्यानात घ्यावे. दुसरी गोष्ट विडी-सिगारेट सोडणे. धूम्रपान करणाऱ्यांत त्वचेचा ल्युपस अधिक तीव्र असतो आणि या गोळीचा गुणही कमी येतो, असे पुष्कळ पाहण्यांत दिसले आहे. तिसरी, गाठ कापून टाकण्याची घाई न करणे. इजा झालेल्या जागी हा रोग पुन्हा उमटू शकतो. तपासणीपुरता तुकडा घेणे निराळे, उपचार म्हणून कापणे निराळे. खळग्याच्या दुरुस्तीचा विचार रोग दीर्घकाळ शांत राहिल्यावरच तज्ज्ञांशी बोलून करावा.

चौथा प्रश्न

आता तो राहिलेला प्रश्न. आमच्या युनियनच्या कचेरीत एक भगिनी आल्या होत्या. एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात त्यांची नोकरी. दंडावर दोन खळगे, गालावर एक गाठ. ‘लागट रोग आहे’ असे म्हणून मुकादमाने त्यांना पाळीवरून बसवून ठेवले होते, आणि जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणी डबा बाजूला घेऊन बसू लागल्या होत्या. आम्ही रोगाविषयी वाचलेले सांगू लागलो, तशा त्या म्हणाल्या, “भाऊ, मी किती वर्षं जगणार ते राहू द्या. उद्या कामावर घेतील का, तेवढं सांगा.”

या वाक्याने आम्हांस पुष्कळ शिकविले. वैद्यकाचे भाकीत जीव आणि अवयव यांचा हिशेब करते. परंतु ज्याचे पोट हातावर आहे, त्याचे भवितव्य मुकादमाच्या तोंडच्या एका शब्दावर लटकलेले असते. त्या बाईंच्या शरीरातला रोग सौम्य होता. त्यांच्या नोकरीवरचा धोका सौम्य नव्हता. आणि तो धोका कोणत्याही जंतूने नव्हे, तर अज्ञानाने आणला होता.

त्यावर केलेला उपाय साधा होता. डॉक्टरांकडून एका कागदावर चार ओळी घेतल्या: हा रोग संसर्गजन्य नाही; ही बाई आपले काम करण्यास समर्थ आहे; तिला उन्हातील काम देऊ नये; तपासणीसाठी ठरावीक दिवशी रजा लागेल. तो कागद व्यवस्थापकांपुढे ठेवला आणि पाळीवरच्या बायकांनाही मोठ्याने वाचून दाखविला. आठवडाभरात त्या बाई कामावर रुजू झाल्या. डबे एकत्र यावयास मात्र दोन महिने लागले.

हे भवितव्य समाजाच्या हातातले आहे, याचा आणखी एक पुरावा अलीकडचाच. २०२० साली कोविडच्या साथीत हेच हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन त्या रोगावर चालेल अशी हवा उठली. लोकांनी दुकानांतून गोळ्या उचलल्या, मार्च महिन्यात भारत सरकारने निर्यात थांबविली आणि ल्युपसचे रोगी ठिकठिकाणी औषधावाचून हिंडू लागले. पुढे मोठ्या चाचण्यांत कोविडवर त्याचा उपयोग नाही असे ठरले. त्या महिन्यांत ज्यांची गोळी चुकली, त्यांच्या रोगाची वाटचाल त्यांच्या रक्ताने ठरविली नव्हती. ती बाजाराने ठरविली होती.

तेव्हा आपल्या घरी, शेजारी किंवा कामावर कोणाला असा रोग निघाला तर आपण काय करावे? रोग्याने डॉक्टरांना विचारावे: माझे निदान तुकडा तपासून पक्के झाले आहे काय? रोग आज कोठपर्यंत आहे? कोणत्या तपासण्या, किती महिन्यांनी? कोणते लक्षण दिसताच धावत यावयाचे? मी कोणते काम करू शकते? हे पाच प्रश्न घरूनच लिहून न्यावेत, कारण डॉक्टरांच्या टेबलासमोर बसल्यावर भल्याभल्यांना ते आठवत नाहीत. आणि आपण शेजाऱ्यांनी त्या माणसाचे भाकीत करण्याचे सोडून त्याच्याबरोबर जेवावयास बसावे. रोगाचे पुढे काय होणार, हे सांगणे आपल्याला जमणार नाही. पण त्या माणसाचे आपल्यात पुढे काय होणार, ते बऱ्याच अंशी आपणच ठरवीत असतो.